कुंकवाचं बी

काल संध्याकाळी योगिनीने करंजवाडीच्या देवळात, सभामंडपाच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात, स्वतःच्या हाताने चटई अंथरली होती आणि तिच्यावर पाच किलो भाताचं बी सावलीत वाळायला पसरलं होतं. आज दुपारी चारच्या एसटीने ती पुन्हा उतरली, ते बी पिशव्यांत भरून ठेवावं म्हणून देवळात शिरली, आणि बघते तर कोपऱ्यात चटई नाही आणि बीही नाही. तिथे बायका मांडीला मांडी लावून बसल्या होत्या.

ती तशीच शेजारच्या शाळेपर्यंत धावत जाऊन आली, पण तिथे दाराला कुलूप होतं. ते बी साधं नव्हतं. रोपांना बुरशी लागू नये म्हणून त्याला औषध चोळलेलं होतं. पेरायला उत्तम, पण पोटात गेलं तर काय होईल ते औषधाच्या पुडीवरच लाल अक्षरांत छापलेलं होतं: माणसांनी वा जनावरांनी खाऊ नये.

समोर आप्पाबुवांचं कीर्तन चाललं होतं. उत्सवाचा सातवा दिवस, काल्याचं कीर्तन. सारी वाडी लोटली होती, जयगडच्या बंदरात कामाला जाणारे पोरगेही आज रजा टाकून आले होते. पूर्वरंग, कथेआधीचं निरूपण, संपत आला होता. बुवा एका पायावर तोल देऊन चिपळ्या अशा वाजवत होते, की ज्याच्या अंगात जरा म्हणून भाव आहे त्याचं डोकं आपसूक हलावं. योगिनी रत्नागिरीतल्या मांडवीची, लहानपणापासून आईच्या मांडीवर बसून कीर्तनं ऐकलेली. एरवी त्या चिपळ्या कानावर पडल्या की तिचा दिवसभराचा शीण उतरायचा. आज मात्र प्रत्येक ठोका तिच्या छातीत बसत होता.

कडेला समीक्षाबाई बसल्या होत्या. पलीकडच्या वाडीतल्या शाळेच्या शिक्षिका, आणि गेले दहा दिवस योगिनीच्या विद्यार्थिनी. योगिनी त्यांच्याजवळ वाकली.

"बाई, कालचं बी कुठे गेलं?"

"कोपऱ्यात नाही? मग गंगाराम गुरुजींनी शाळेत नेलं असेल. बसा ना मॅडम, बुवा काय सुरेख सांगतायत."

"शाळेला कुलूप आहे. मी बघून आले."

"मग असेल इथेच कुठेतरी. देवळातून कोण चोरतंय?"

चोरी झाली असती तर बरं, असं योगिनीच्या मनात आलं, आणि त्या विचाराचीच तिला भीती वाटली.

आता ती इथे कशी, ते सांगायला हवं. योगिनी कृषी महाविद्यालयाच्या तिसऱ्या वर्षाला. मे महिन्याच्या सुट्टीत तिला इंटर्नशिप मिळाली होती, ती शिक्षकांना शेती शिकवायची. जूनमध्ये शाळा उघडल्या की ते शिक्षक मुलांना शिकवणार, आवारात वाफे करणार, रोपं लावणार. आजूबाजूच्या शाळांमधले दहाबारा शिक्षक करंजवाडीच्या शाळेत जमत. त्यातले निम्मे योगिनीच्या जन्माआधीपासून फळ्यापुढे उभे राहिलेले. पहिल्या दिवशी जाताना तिच्या महाविद्यालयातल्या सरांनी तिला बजावलं होतं, "एक ध्यानात ठेव. शिक्षकांना शिकवताना 'माहीत नाही' म्हणायचं नाही. एकदा अडखळलीस की संपलं."

ती अडखळली नव्हती. त्या शिक्षकांतले हर्षद सर मागच्या बाकावरून मुद्दाम काहीतरी विचारायचे: मिठाच्या पाण्यात बी बुडवताना मीठ एवढंच का, जाडं चालेल का, आणि आमच्या आज्याने कधी मीठ घातलं नाही तरी आम्ही जेवलो ते कसं. योगिनी प्रत्येकाला उत्तर द्यायची. काही उत्तरं पुस्तकातली, काही तिथल्या तिथे रचलेली. रात्री जयगडला मावशीच्या घरी पडल्या पडल्या ती रचलेली उत्तरं तिला टोचायची. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

काल बीजप्रक्रियेचा धडा होता. औषध लावलेलं बी ओळखू यावं म्हणून त्याला रंग देतात, एवढं तिने सांगितलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की रंगाची पुडी रत्नागिरीतच राहिली.

"रंगच पाहिजे ना?" गंगाराम गुरुजी म्हणाले होते. ते करंजवाडीच्या शाळेचे मुख्याध्यापक, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, आणि देवळाच्या उत्सवाचे प्रमुखही तेच. "लालच पाहिजे ना? थांबा." ते देवळात गेले आणि कुंकवाचा डबा घेऊन आले.

सगळे हसले. योगिनीही हसली. पुस्तकात लिहिलं होतं की लाल रंग म्हणजे धोका, आणि कुंकू लालच होतं. औषधाबरोबर तिने ते कुंकू बियाला चोळलं, शाळेच्या पत्र्याखाली फार तापतं म्हणून देवळाच्या सावलीत वाळत घातलं, आणि निर्धास्त मनाने साडेपाचची एसटी पकडली. वर चिठ्ठी ठेवली नाही. रंग बोलतोय ना, मग चिठ्ठी कशाला?

पूर्वरंग संपला. बुवांना हार घातला गेला, कपाळाला बुक्का लागला, आणि लोकांनी नामाचा गजर सुरू केला. तेवढ्या गडबडीत योगिनी देवळाला वळसा घालून मागच्या पडवीत गेली.

तिथे यमुनाकाकी चुलीपाशी बसली होती. देवळाची झाडलोट, दिवाबत्ती आणि काल्याच्या लाह्या, ही तिची वर्षानुवर्षांची कामं. चुलीवर कढई, कढईत लाह्या भाजायची वाळू, बाजूला सूप. आणि सुपात टरफलं. योगिनीने जवळ जाऊन पाहिलं. टरफलं लालसर होती.

"काकी, या कसल्या लाह्या?"

"भाताच्या, आणखी कसल्या? ये बाय, बस. घामाघूम झालीस ती."

"भात कुठलं?"

"देवाचं." यमुनाकाकीने पदराने तोंड पुसलं. "दर वर्षी घरोघर फिरून भात मागायला लागतं. यंदा सकाळी झाडायला आले तर कोपऱ्यात चटईवर हे एवढं भात. कुंकू लावलेलं. मी म्हटलं कुणाचा तरी नवस फळला, न बोलता वाहून गेलाय. चटई उचलताना हात जोडले मी. माझी पायपीट वाचवलीन बघ देवाने."

योगिनीने पडवीच्या खांबाला धरलं. करंजवाडीत, मांडवीत, अख्ख्या या किनाऱ्यावर ज्या धान्याला कुंकू लागलं ते देवाचं झालं. हे तिला ठाऊक नव्हतं का? तिच्या आईने आयुष्यभर दुसरं काय केलं होतं? पण काल ती वर्गात होती, आणि वर्गात उभी असताना ती घरातलं सगळं विसरली होती. गुरुजीही विसरले होते.

"वास नाही आला तुम्हाला?"

"आला ना. उग्र होता जरा. वाटलं, उंदीर लागू नये म्हणून कणगीत डांबरगोळ्या ठेवतात त्यातला असेल. वाळूत भाजल्यावर गेला."

"लाह्या कुठे आहेत आता?"

"टोपली गेली की पुढे. आताच. मुठी वाटायला."

करंजवाडीची ही मूठ योगिनीला काल समीक्षाबाईंनीच कौतुकाने सांगितली होती. कथेचा उत्तररंग सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाला मूठभर लाह्या मिळतात. लहानथोर सगळे त्या मुठीत नाहीतर पदरात धरून कथा ऐकतात. शेवटी बुवा काठीने हंडी फोडतात, त्या क्षणी अर्धी मूठ देवावर उधळायची आणि अर्धी तोंडात टाकायची. मग बाकीचा काला वाटायचा. म्हणजे आता या घडीला ते बी सगळ्या वाडीच्या मुठीत होतं.

पडवीच्या पायरीवर यमुनाकाकीची नात सानवी बसली होती, पाच वर्षांची. ती काहीतरी चघळत होती आणि तिच्या ओठांवरून लालभडक ओघळ हनुवटीपर्यंत आला होता.

योगिनीला पुढचं काही सुचलं नाही. तिने धावत जाऊन पोरीचा जबडा धरला आणि तोंडात बोट घातलं. सानवीने भोकाड पसरलं. बोटाला चिकट लाल रस लागला आणि एक बी. करवंदाचं.

"अगो, पोरीला कशाला धरलीस?" यमुनाकाकी उठून आली. "करवंदं खातेय ती. तुला झालंय काय?"

"हिने लाह्या खाल्ल्या? खरं सांगा काकी. तुम्ही खाल्ल्या? चव बघितली?"

यमुनाकाकीचा चेहरा एकदम बदलला. "देवाआधी चव? एवढी वर्षं लाह्या भाजतेय, कधी दाणा तोंडात टाकला नाय. पोरीलाही माहीत आहे. तू कुणाच्या घरची गो, असलं विचारणारी?"

योगिनीने तिचे हात धरले आणि रडत रडत सगळं सांगितलं. यमुनाकाकीने ऐकून घेतलं. मग ती सुपाकडे बघत पुटपुटली, "न फुटलेले दाणे मी सकाळी कोंबड्यांना घातले."

"मग?"

"मग काय. त्या बघ." मागच्या परसात तिच्या सहा-सात कोंबड्या माती उकरत होत्या, अगदी टुणटुणीत.

समीक्षाबाईंच्या करवी निरोप धाडून योगिनीने गंगाराम गुरुजींना मागे बोलावलं. ते आले तेव्हा त्यांच्या उजव्या मुठीत लाह्या होत्या. तिचं बोलणं संपेपर्यंत ती मूठ त्यांनी उघडली नाही. आत उत्तररंग सुरू झाला होता. गोकुळातल्या सवंगड्यांनी यमुनेकाठी शिदोऱ्या सोडायला घेतल्या होत्या.

"कुंकू मी दिलं," गुरुजी हळूच म्हणाले.

"लावलं मी."

"सगळ्यांच्या हातात गेलंय आता. आणि कोंबड्या तर फिरतायत." वर्गात विचारावं तसं त्यांनी विचारलं, "तापलेल्या वाळूत भाजल्यावर औषध उरतं का? टरफलाला लागलेलं होतं, टरफल तर पाखडून गेलं. आत किती शिरतं? तुम्ही सांगा योगिनीताई. तुम्ही शिकवता आम्हाला."

तिने तोंड उघडलं. उत्तर जिभेवर तयार होतं, कारण दहा दिवसांत जिभेला तशी सवयच लागली होती. 'उष्णतेने नाश पावतं, गुरुजी.' किती गोड वाक्य. ते म्हटलं असतं तर गुरुजी आत गेले असते, कीर्तन पार पडलं असतं, आणि कदाचित, कदाचित काहीच झालं नसतं. तिने महाविद्यालयातल्या सरांना फोन लावला. तीनदा वाजला, कुणी उचलला नाही.

"बघा," गुरुजी म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात वर्गातली जरब राहिली नव्हती, विनवणी होती. "देवळात विष, असा शब्द एकदा उच्चारला की तो जात नाही. पुढच्या वर्षी काल्याला कोण बसेल? या यमुनेच्या हातचं कोण खाईल? एक मूठ, त्यातली अर्धी देवावर. खात्री असेल तरच बोला. आहे खात्री?"

आत तबल्याची लय चढली. बुवा हंडीच्या प्रसंगाला आले होते. आणखी दहा मिनिटं, फार तर पंधरा. योगिनीला खात्री नव्हती. विष उरलंय याचीही नव्हती आणि नाही उरलं याचीही. तिच्या डोळ्यांपुढे एकच दिसत होतं, तो लाल ओघळ, आणि त्याच्यामागे सानवीएवढ्या कितीतरी हनुवट्या.

ती पायऱ्या चढून आत गेली. वाट मिळत नव्हती तरी बायकांच्या गुडघ्यांवरून, कुणाच्या पदरावर पाय देत ती पुढे सरकली. "अगो, दिसत नाय काय?" कुणीतरी म्हणालं. बुवा काठी हातात घेऊन हंडीखाली आले होते. ही पोरगी मध्येच येऊन उभी राहिलेली पाहून त्यांनी चिपळी थांबवली. तबला दोन ठोके पुढे जाऊन थबकला.

एवढी शांतता झाली की वर टांगलेल्या हंडीतून ठिबकणारं ताक ऐकू यावं.

"काय गं बाळ?" बुवा म्हणाले.

"मुठीतल्या लाह्या कुणी खाऊ नका." आवाज इतका बारीक निघाला की दुसऱ्या ओळीपलीकडे गेला नाही. तिने पुन्हा म्हटलं. या वेळी सर्वांनी ऐकलं.

"का हो मॅडम?" मागून हर्षद सरांचा आवाज. "हा पण धडा आहे काय?"

दोघंचौघं हसली.

"काल जे बी आपण केलं ना सर, औषध लावून, त्याच्या आहेत या. यमुनाकाकींची चूक नाही. कुंकू बघून त्या देवाचं समजल्या. कुंकू मी लावलं. वर चिठ्ठी ठेवली नाही, तीही मीच."

हसू विरलं. तिच्यापुढेच बसलेल्या एका म्हाताऱ्याने आपली मूठ छातीशी घट्ट धरली. "देवाची मूठ आहे ही. भाजलेल्या लाह्या त्या, आगीतून गेलेल्या. आगीतून गेल्यावर काय राहतं?"

"मला माहीत नाही, आजोबा."

तिला वाटलं आता छप्पर कोसळेल. कोसळलं नाही.

"राहतं की जातं, मला खरंच माहीत नाही. मी शिकलेली नाही ते. म्हणून सांगते, खाऊ नका."

कुणी हललं नाही. त्या थोड्याशा वेळात योगिनीला वाटलं, कुणी ऐकणार नाही. श्रद्धेच्या भरात एखादी बाई मूठ तोंडाशी नेईल, तिच्यामागून दुसरी नेईल. तिला दूरवर एक कोपर वर जाताना दिसलं. ती बाई फक्त कपाळावरचे केस मागे सारत होती.

बुवांनी काठी खांबाला टेकवली. त्यांच्या उपरण्याच्या टोकाला त्यांच्या वाट्याच्या लाह्या बांधलेल्या होत्या. त्यांनी गाठ सोडली, लाह्या ओंजळीत घेतल्या, कपाळाला लावल्या, आणि म्हणाले, "टोपली आणा रे ती. देवाला भाव पोचला. लाह्या परत टोपलीत जाऊ देत." आणि सगळ्यात आधी आपली ओंजळ त्यांनी टोपलीत रिकामी केली.

पण लोक उठून टोपलीपाशी झुंबड करू लागले, मुलं पायांतून धावू लागली. आता या गर्दीत कुणी काय तोंडात टाकलं ते कळणारही नव्हतं. तोच दारातून एक आवाज आला, शाळेच्या पटांगणात प्रार्थनेला येतो तसा.

"जागेवर बसा. सगळे. मुलांनी हात पुढे."

गंगाराम गुरुजी होते. आणि काय सांगावं, सगळी वाडी खाली बसली. त्यातली निम्मी त्यांच्याच हाताखाली शिकलेली, बापांचेही हात पुढे आले. समीक्षाबाई बायकांच्या रांगेत शिरल्या, हर्षद सर मागच्या ओळीपासून, बाकीचे शिक्षकही उठले. नखं तपासावीत तशी त्यांनी एकेक मूठ उघडून घेतली, सुपात रिकामी केली, तळवा झटकायला लावला. "खिसा दाखव. दुसरा." "काकू, पदराची गाठ सोडा." "तोंड उघड बघू. आ कर." योगिनीने दहा दिवस त्यांना शिकवलं होतं, हे मात्र त्यांच्यापैकी कुणाला शिकवावं लागलं नाही, आणि तिला ते जमलंही नसतं.

एका तान्ह्याची मूठ रिकामी निघाली. झोपलं होतं ते आईच्या मांडीवर, बोटं उलगडलेली. हर्षद सर गुडघ्यावर बसले, त्या बाईला हळूच बाजूला सरकवलं, सतरंजीवरच्या लाह्या एकेक करून वेचल्या, आणि मग बाळाच्या ओठांतून करंगळी फिरवून पाहिली. वर बघून त्यांनी योगिनीला मान हलवून सांगितलं, काही नाही.

गुरुजींनी आपली मूठ सगळ्यात शेवटी उघडली. एवढा वेळ आवळून त्या लाह्यांचा चुरा झाला होता.

टोपली, सुपं, टरफलं सगळं देवळामागे खड्डा करून पुरलं. यमुनाकाकीने वर माती लोटली आणि हात जोडले. योगिनी तिच्याजवळ उभी राहिली.

"कोंबड्यांचं काय गो?" यमुनाकाकीने तिच्याकडे न बघता विचारलं.

"माहीत नाही, काकी. आज-उद्या अंडी खाऊ नका, कुणाला देऊ नका. सरांना विचारून मी सकाळी सांगते."

"रडू नको आता. देवाच्या नावानं भाजलं मी ते. तुझं कुंकू, माझे हात, दोघींनाही ठाव नव्हतं."

आत बुवांनी पुन्हा चिपळ्या घेतल्या. जिथे थांबले होते तिथूनच त्यांनी कथा उचलली, एक शब्द इकडचा तिकडे न होता, आणि हंडी फुटली तेव्हा लोकांनी रिकाम्या ओंजळी वर उधळल्या. योगिनी बायकांमध्ये बसली होती. शेजारच्या कुणीतरी तिचं मनगट धरून ठेवलं होतं, कोण ते तिने पाहिलं नाही.

यमुनाकाकी पातेलं घेऊन रांगेतून आली. पोहे, दही, खोबरं, कैरीच्या फोडी. काल्याचा एक घास तिने योगिनीच्या तळहातावर ठेवला. योगिनी त्याच्याकडे बघत राहिली. पोह्यांना कुठे लाल लागलंय का, खालच्या थरात काही आहे का, बोटांनी चिवडून बघावंसं वाटत होतं, आणि देवाच्या प्रसादाला चिवडण्याची लाजही वाटत होती.

यमुनाकाकी पुढच्या बाईकडे वळली नाही. ती तिथेच उभी राहिली, पातेलं कमरेवर घेऊन.

"खा," ती म्हणाली. "पोहे दुकानातले हायत. पाकीट फोडताना गुरुजींनी दोनदा वाचून घेतलान."